कपाटातला कुबट वास आणि मिठाची बरणी

मागच्या जुलैत नवऱ्याला ऑफिसच्या कसल्यातरी कार्यक्रमाला ब्लेझर घालायचा होता म्हणून बेडरूमचं मोठं कपाट उघडलं, तर ब्लेझरच्या कॉलरवर पांढरी लव. बेल्टवर हिरवट. खालच्या कप्प्यात मागे हात घातला तर प्लायवूड गार आणि ओलसर लागलं, आणि डाव्या कोपऱ्यात काळे ठिपके, कोणीतरी शाईचं पेन झटकल्यासारखे. वास तर महिनाभर आधीपासूनच येत होता, पण पावसाळ्यात ठाण्यात कुठल्या घरात कुबट वास येत नाही, असं म्हणून आम्ही सगळ्यांनीच सोडून दिलेलं.

मग सगळे करतात तेच मी पण केलं. डांबर गोळ्या टाकल्या, सासूबाईंनी कापराच्या पुरचुंड्या करून कप्प्याकप्प्यात ठेवल्या, ऑनलाइन ते ओल शोषून घेणारे प्लास्टिकचे डबे मिळतात ते सहा मागवले, आणि काळे ठिपके कोरड्या फडक्याने खसाखसा पुसून काढले (हे तर अजिबात करू नका, का ते पुढे सांगते). पंधरा दिवसांत सगळं परत जिथल्या तिथे. माझा धाकटा दीर सिव्हिल इंजिनियर आहे, त्याला फोटो पाठवले तर तो फोनवर म्हणाला, "वहिनी, बुरशीचं नंतर बघू. पाणी कुठून येतंय ते आधी सांग." मी म्हटलं पाणी कुठेच नाहीये रे, नुसती ओल आहे. त्यावर तो हसला, आणि मग त्याने जे समजावलं आणि मी नंतर वाचून, मोजून, करून बघितलं ते सगळं इथे लिहितेय.

बुरशी ही काही बाहेरून "लागत" नाही. तिचे बीजाणू, म्हणजे स्पोअर्स, हवेत कायमच असतात, आत्ता तुम्ही श्वास घेताय त्यातही आहेत. तिला खायला कपड्याचा धागा, चामडं, लाकूड, स्टार्च, नुसती धूळ, काहीही चालतं. तापमान आपल्याला बरं वाटतं तेच तिलाही बरं वाटतं. म्हणजे बी आपण थांबवू शकत नाही, खाणं काढून घेऊ शकत नाही आणि तापमानाचंही काही करू शकत नाही. उरलं एकच, पाणी. आणि तिला ग्लासभर पाणी लागत नाही, ज्या वस्तूवर ती बसलीय तिच्या अगदी लगतच्या हवेत आर्द्रता 75-80 टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की बहुतेक जातींचं भागतं, काही चिवट जाती तर 70 च्या आसपासही तग धरतात. म्हणून सगळीकडे सांगतात की घरात आर्द्रता 60 च्या खाली ठेवा.

आता ही टक्क्यांची भानगड नीट समजून घेऊ कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हवा पाण्याची वाफ धरून ठेवते, पण किती धरेल ते तिच्या तापमानावर. 30 अंशाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त साधारण 30 ग्रॅम वाफ धरते, 24 अंशाची सुमारे 22 ग्रॅम, आणि 5 अंशाची जेमतेम 7. आर्द्रता 80 टक्के म्हणजे हवेच्या त्या क्षणीच्या क्षमतेतलं 80 टक्के भरलंय. तीच हवा गार केली की पाणी तेवढंच राहतं पण भांडं लहान होतं, टक्का चढतो, आणि 100 च्या पुढे गेला की जास्तीचं पाणी बाहेर पडतं, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर घाम येतो तसं.

घरात यंत्र नसेल तर मिठाची बरणी बघा. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढायला लागतं आणि चक्क पाझरतं. जाडं मीठ असेल तर त्यातल्या इतर क्षारांमुळे त्याच्याही आधी. म्हणजे आजी बरणीत तांदळाचे दाणे टाकायला लागली की समजायचं बुरशीची पेरणी झाली! तरी पण तीन-चारशे रुपयांत छोटं डिजिटल हायग्रोमीटर मिळतं ते घ्याच, मी आयुष्यात इतक्या स्वस्तात इतकं शहाणपण दुसरं कुठलं विकत घेतलेलं नाही. एक कपाटात ठेवा, एक खोलीत.

मी ठेवलं तेव्हा खोलीत 78 आणि कपाटात 86. मला वाटायचं की कपाट घट्ट बंद आहे म्हणजे आत कोरडं असणार. पण दारांच्या फटीतून हवा येत-जात राहते, दोन-चार दिवसांत आत-बाहेर सारखंच होतं, आणि आत काही गार भाग असेल तर आतली परिस्थिती बाहेरच्यापेक्षा वाईट होते, कारण वारा नाही, ऊन नाही, कोणी हलवत नाही.

दुसरी गोष्ट मला खरंच माहीत नव्हती. कपाटातलं पाणी हवेत नसतं, कपड्यांत असतं. सुती कापड हाताला कोरडं ठणठणीत लागलं तरी त्यात पाणी असतंच, 65 टक्के आर्द्रतेला त्याच्या वजनाच्या साधारण 7-8 टक्के, आणि 90 टक्क्यांना जवळजवळ त्याच्या दुप्पट. लोकर तर याहून जास्त पाणी पिते, रेशीम मधलं, पॉलिएस्टर जवळजवळ काहीच नाही. आता हिशोब करा. आमच्या कपाटात सहज तीस किलो सुती कपडे, चादरी, पांघरुणं असतील. कोरड्या दिवसांतून पावसाळ्यात जाताना हे सगळं मिळून दीड-दोन लिटर पाणी हवेतून गुपचूप पिऊन बसतं. आणि कपाटातल्या दोन घनमीटर हवेत किती वाफ असते? पन्नासेक ग्रॅम. म्हणजे पाव वाटी.

यावरून ते शोषणारे डबे आणि पुड्या यांचं काय ते कळतं. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी घेतं, म्हणजे दोन लिटरसाठी सहा किलो लागेल. डब्यांतलं कॅल्शियम क्लोराइड त्याहून दमदार, वजनाच्या दुप्पट-तिप्पट ओढतं, म्हणून डब्यात पाणी जमलेलं बघून आपल्याला फार बरं वाटतं. पण दाराच्या फटीतून नवी दमट हवा येतच राहते, म्हणजे बादली गळतेय आणि आपण चमच्याने भरतोय. वर ते पाणी साधं नसतं, खारट आणि चिकट असतं, साडीवर किंवा चामड्यावर सांडलं तर डाग पडतात, पत्र्याला गंज चढतो, आणि लहान मुलांच्या हाती लागता कामा नये. माझे सहा डबे आता दोनच उरलेत, तेही वरच्या छोट्या कप्प्यात.

सिलिका जेल वाईट नाही, फक्त ते घट्ट झाकणाच्या जागी वापरायचं. पासपोर्ट, मार्कशीट, घराचे कागद, कॅमेऱ्याची लेन्स, हे सगळं झिप पाऊचमध्ये किंवा रबरी गास्केटच्या डब्यात घालून सोबत पुडी ठेवली तर महिनोन्महिने कोरडं राहतं. केशरी रंग बदलणारे दाणे घ्या, निळ्या दाण्यांत कोबाल्टचं रसायन असतं. पुड्या ओव्हनमध्ये 120 अंशाच्या आसपास गरम केल्या की परत कामाला येतात, फक्त पुडीचं कापड उष्णता सोसणारं आहे ना ते बघून, नाहीतर दाणे काढून ताटलीत.

डांबर गोळ्यांबद्दल एकदाच स्पष्ट सांगते, त्यांचा ओलीशी काडीचा संबंध नाही. त्या किड्यांसाठी आहेत. कापूर, लवंग, वेखंड, कडुनिंबाचा पाला, सगळं कसरीसाठी आणि वासासाठी, पाणी यातलं कोणीच पीत नाही. आणि घरात तान्हं बाळ असेल तर नॅफ्थलिनच्या गोळ्यांतले कपडे, दुपटी त्याला घालू नका, G6PD नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांचं रक्त त्या वाफेने फुटू शकतं. आपल्याकडे बाळंतविड्यातली दुपटी वर्षभर गोळ्या घालून ठेवतात म्हणून मुद्दाम लिहिलं. (सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, मग स्वतःच गोळ्या काढून टाकल्या.)

आता एसी. आमच्याकडे रात्री एसी 24 वर असतो, सकाळी सहाला बंद, आणि मग "जरा मोकळी हवा येऊ दे" म्हणून खिडक्या सताड उघड्या. बाहेर समजा 29 अंश आणि 85 टक्के. म्हणजे त्या हवेच्या एका घनमीटरात साधारण साडेचोवीस ग्रॅम पाणी. ती हवा आत येते आणि रात्रभर 24 अंशाला गार झालेल्या कपाटाला, भिंतीला, कपड्यांना लागते. 24 अंशाला हवा किती धरते, 22 ग्रॅम. उरलेलं कुठे जाणार? तुमच्या ब्लेझरच्या कॉलरवर. रोज सकाळी आम्ही स्वतःच्या हाताने कपाटाला पाणी घालत होतो, तुळशीला घालतात तसं. शेजारच्यांचा एसी तुमच्या भिंतीपलीकडे असेल आणि तुमचं कपाट त्या भिंतीला चिकटून असेल तरी हेच होतं, तुम्ही एसी लावत नसलात तरी.

मी सुरुवातीला इंटरनेटवर जे वाचलं त्यात सगळीकडे एकच मंत्र, खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. हा सल्ला खोटा नाही पण तो थंड देशांतल्या हिवाळ्याचा आहे. माझी मावसबहीण लंडनला असते, तिच्याकडे बुरशी जानेवारीत येते, बाहेरच्या गार भिंतीला लागून असलेल्या कपाटात. तिच्याकडे बाहेरच्या 5 अंशाच्या हवेत ठासून भरलं तरी 7 ग्रॅम पाणी, ती आत घेऊन 20 अंशापर्यंत तापवली की आर्द्रता 40 टक्क्यांवर येते, म्हणजे तिने दहा मिनिटं खिडकी उघडली की घर कोरडं होतं. आपण जुलैत ठाण्यात खिडकी उघडली की घर ओलं होतं. एकच खिडकी, एकच कृती, परिणाम उलटा. पुण्यात फेब्रुवारीत उघडा की खुशाल.

तर आमच्या घरात नियम असा झाला. एसी चालू असताना कपाटाची दारं उघडी, कारण एसी हवेतलं पाणी काढून नळीने बाहेर टाकत असतो आणि तीच कोरडी हवा कपड्यांपर्यंत पोचायला हवी. सकाळी एसी बंद करायच्या आधी कपाट बंद, मगच खिडकी. रात्री उघडं कपाट बघून झोप येत नाही अशी तक्रार एका सदस्याची होती, त्यांना भिंतीकडे तोंड करून झोपायला सांगितलं. एसी नसेल तर पावसाची उघडीप बघायची. चार दिवस पाऊस नाही, दुपारी बारा ते चार ऊन पडलंय, तेव्हा हायग्रोमीटर बघा, बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा बराच खाली दिसला तर त्या वेळात कपाट उघडून टेबल फॅन आत तोंड करून लावा. संध्याकाळी बंद. पंखा पाणी काढत नाही हे खरं, पण साचलेली हवा हलवतो आणि गार कोपरे खोलीच्या तापमानाला आणतो, तेवढ्यानेही फरक पडतो. ज्यांना परवडतं त्यांनी डिह्युमिडिफायर घ्यावा, चांगला असला तर दिवसाला काही लिटर पाणी काढतो, पण खिडक्या बंद करून चालवा, नाहीतर तो अख्ख्या ठाण्याची हवा सुकवत बसेल.

कपडे वाळवणं हा वेगळा गुन्हा. वॉशिंग मशीनमधून पाच किलो कपडे स्पिन होऊन निघाले तरी त्यांत अडीच-तीन लिटर पाणी असतं. ते स्टँडवर टाकून स्टँड बेडरूममध्ये, म्हणजे तीन लिटर पाणी बेडरूमच्या हवेत, तिथून कपाटात. हॉलमध्ये पंख्याखाली वाळवा किंवा एक्झॉस्ट चालू ठेवून बाथरूममध्ये, पण कपाटाच्या खोलीत नको. आणि पावसाळ्यात "वाळले" म्हणून घडी करायच्या आधी शिवणी आणि कंबरपट्टी हाताने चाचपून बघा, जीन्स तर हमखास फसवते. शंका असेल तर वाफ न वापरता इस्त्री फिरवायची, निवू द्यायचं, मग आत.

इथपर्यंत सगळं हवेतल्या पाण्याबद्दल झालं. पण दिराला खरी शंका वेगळीच होती. तो म्हणाला, वरच्या कप्प्यात ब्लेझरवर आलीय ती हवेची, पण खालचा डावा कोपरा एकटाच काळा का? हवेची असती तर सगळीकडे थोडी थोडी आली असती. एकाच जागी गोळा होऊन, कडा उमटवून, पोपडे आणून येते ती भिंतीतून येते. आणि मग त्याने फॉइलची युक्ती सांगितली, जी करायला दहा रुपयेही लागत नाहीत. कपाटामागची भिंत उघडी करा (आमच्याकडे खालच्या कप्प्याचं मागचं प्लाय सुताराकडून कापून घ्यावं लागलं), कापडाने पुसून कोरडी करा, पोळ्या गुंडाळायच्या अॅल्युमिनियम फॉइलचा एक फूट बाय एक फूट तुकडा तिच्यावर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दव असेल तर पाणी हवेतलं. फॉइल काढल्यावर मागच्या बाजूला ओल असेल तर भिंत स्वतः पाणी सोडतेय. भिंत इतकी ओली असेल की पट्टीच चिकटत नसेल तर तेच उत्तर समजायचं. आम्ही दोन तुकडे लावले, एक वर, एक खालच्या डाव्या कोपऱ्यात. वरचा मागून कोरडा. खालचा काढला तर मागे थेंब.

म्हणजे एकाच कपाटात दोन आजार, आणि दोघांची औषधं वेगळी.

भिंतीतून पाणी यायच्या वाटा आपल्याकडे ठरलेल्या आहेत. पश्चिम किंवा नैऋत्येकडची भिंत असेल तर मोसमी वारा पाऊस थेट तिच्यावर आपटतो, मुंबई-ठाण्यात म्हणूनच त्या बाजूच्या खोल्या आधी ओल धरतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला ते सगळ्यांना आठवतं, पण तिथे एरवीच्या अख्ख्या जुलैत मिळूनही साधारण तेवढाच पडतो, फक्त महिनाभर वाटून, आणि प्लास्टरमधली केसाएवढी भेग महिनाभर ते पाणी सावकाश आत ओढत राहते. खिडकीच्या खालची कड बाहेर उतरती नसेल, छज्जावर पाणी साचत असेल, किंवा एसीचा पाइप न्यायला पाडलेलं भोक बाहेरून आत उतरतं असेल (हे इतक्या घरांत आहे की विचारू नका, फिटिंगवाला आतून ड्रिल मारतो आणि उतार कुठे जातोय बघत नाही), तरी तेच. तळमजला असेल, किंवा कोकणात, गोव्यात जांभ्या चिऱ्याचं जुनं घर असेल तर पाणी जमिनीतून वर चढतं, चिरा सच्छिद्र असतो, भिंतीला कंबरेपर्यंत ओल येते आणि पांढरा लोणा फुटतो. लोणा म्हणजे पाण्याबरोबर वर आलेले क्षार, बुरशी नाही. फरक बघायचा तर थोडा खरवडून पाण्यात टाका, लोणा विरघळतो, बुरशी तरंगते नाहीतर चिकटून राहते.

आणि चौथी वाट, आमची. कपाटाच्या मागे बाथरूम. बिल्डर लोक दोन बेडरूमच्या मध्ये बाथरूम घालतात, आणि इंटिरियरवाला ती भिंत "मोकळी" दिसली की तिथे कपाट ठोकतो. बाथरूममध्ये टाइल्सच्या मधलं ग्राउट झिजतं, नाहाणीच्या (फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड) कडेचा सांधा उघडतो, भिंतीत गाडलेल्या पाइपचा एखादा जोड घाम गाळायला लागतो. हे शोधायचं कसं? सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर असेल तर तो फिरतोय का बघा, फिरत असेल तर भरलेल्या पाइपमधून गळती. फिरत नसेल तर बाथरूम दोन-तीन दिवस वापरू नका (दुसरं असेल तर) आणि ओलीची कड पेन्सिलने आखून ठेवा, कड मागे सरकली तर पाणी वापराचं, म्हणजे टाइल्स किंवा नाहाणीचं. आमची कड चार दिवसांत बोटभर मागे आली. प्लंबरने नाहाणीभोवतीचं खोदून जाळीखालचा सांधा दाखवला, तिथून पाणी दर आंघोळीला थोडं थोडं भिंतीत जात होतं. किती वर्षं, कोण जाणे.

बाहेरच्या भिंतीचं असेल तर खर्च कोणाचा, यावरून सोसायटीत महाभारत होतं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाइप यांतून येणारी पावसाची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खाली गळत असेल तर ते वरच्या आणि खालच्या सदस्यांनी आपसात बघायचं. लेखी पत्र द्या, फोटो जोडा, पोच घ्या, तोंडी बोलण्यावर दुसरा पावसाळा येतो.

एक चूक मात्र करू नका. पेंटवाला येऊन म्हणेल, अँटीफंगल मारून देतो, डॅम्पप्रूफ मारून देतो, पाच वर्षं बघायला नको. पाणी मागून येत असताना समोरून रंग मारणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधावर झाकण दाबून धरणं. पाणी दुसरीकडून वाट काढतं, रंग फुगतो, पुट्टी गळते. आधी पाणी बंद, मग भिंत वाळू द्यायची, मग रंग.

साफसफाई. सगळं बाहेर काढा, खोलीचं दार बंद, आणि पंखा बंद. पंखा सगळे चालू ठेवतात, कारण उकडतं, आणि कोरड्या फडक्याने पुसायला लागलं की बीजाणूंचा ढग उठतो आणि पंखा तो घरभर वाटतो. म्हणून मी जे पहिल्यांदा केलं ते करू नका म्हटलं. एन95 मास्क, हातमोजे, आणि फडकं ओलं, भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात पिळलेलं. घासत पुढे-मागे नाही, एका दिशेने पुसायचं, फडकं वारंवार बदलायचं, वापरलेली फडकी पिशवीत बांधून टाकून द्यायची. सनमायका, काच, पत्रा यावर हे पुरे, मग वरून मेडिकलमध्ये मिळणारं 70 टक्के सर्जिकल स्पिरिट फिरवा (स्पिरिट पेटतं, त्या वेळी देवघरातला दिवा आणि गॅस बंद ठेवा). कच्च्या प्लायवर ब्लीच ओतू नका, क्लोरीन वर राहतं आणि त्यातलं पाणी लाकडात मुरतं, म्हणजे बुरशीला आंघोळही आणि जेवणही. तिथे स्पिरिट, किंवा टाकणखार पाण्यात विरघळवून हलक्या हाताने, आणि मग सगळं झाल्यावर दोन-तीन दिवस टेबल फॅन लावून सुकवणं. टाकणखार पोटात जाता कामा नये, मुलांपासून लांब. आणि ब्लीच वापरलंच तर त्यात टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

प्लाय बोटाने दाबल्यावर दबत असेल, पापुद्रे सुटले असतील, तर ते धुण्यात वेळ घालवू नका, कापून काढा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा ठोकताळा असा आहे की दहा चौरस फुटांपर्यंतची, म्हणजे साधारण तीन फूट बाय तीन फूट, बुरशी घरच्या घरी साफ करता येते, त्याहून जास्त असेल तर जाणकाराला बोलवा.

घरात कोणाला दमा, ऍलर्जी, किंवा केमो वगैरे चालू असेल त्यांनी सफाईच्या वेळी त्या खोलीत थांबूच नये. पण 2021 मध्ये "काळी बुरशी" म्हणून जी भीती बसली ती इथे आणू नका. ती म्युकरमायकोसिस, वेगळ्याच जातीच्या बुरशीचा आजार, आणि "काळी" हे नाव मेलेल्या पेशींच्या रंगावरून. भिंतीवर काळी दिसणारी बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम किंवा अॅस्परजिलससारखी रोजचीच मंडळी असतात. शिंका, खोकला, डोळे चुरचुरणं, दमा वाढणं हे त्यांचं काम, आणि तेही कमी त्रासाचं नाही.

कपड्यांचं सांगते. सुती पांढऱ्यावर ब्लीच चालतं, रंगीतवर ऑक्सिजन ब्लीचच्या पाण्यात भिजवून बघा, जुने काळे ठिपके मात्र कधीकधी जातच नाहीत, धाग्याचाच रंग खाल्लेला असतो. रेशीम, लोकर, पैठणी यांना घरी काही करू नका, वाळवून, बाल्कनीत मऊ ब्रशने झटकून ड्रायक्लीनला. साडीला जरीकाम असेल तर घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदलायची, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, जुन्या मलमलीच्या कपड्यात. चामड्याला स्पिरिट आणि पाणी निम्मं निम्मं करून, आधी आतल्या बाजूला करून बघून, सावलीत वाळवून मग क्रीम.

जुन्या बायका पावसाळा संपला की साड्यांना ऊन दाखवायच्या, ऑक्टोबरच्या कडक उन्हात, गच्चीवर सतरंजी टाकून, रेशमी असतील तर वर धोतर घालून. ती नुसती रीत नव्हती, चार महिने पिऊन बसलेलं ते दीड-दोन लिटर पाणी त्या एका दिवसात बाहेर जायचं. आणि त्यांचं लोखंडी कपाट चार पायांवर उभं, भिंतीपासून वीतभर पुढे. आपण जागा वाचवायला भिंतीलाच ठोकलं, मागे हवा नाही, खाली हवा नाही. आता नवीन करून घेणार असाल तर सुताराला सांगा, मागे दोन-तीन इंच जागा, खाली पाय किंवा जाळीचं स्कर्टिंग, आणि मागच्या प्लायलाही दोन्ही बाजूंनी सनमायका किंवा निदान सीलर. सुतार म्हणेल मागे कोण बघतंय. बाथरूमच्या भिंतीला असेल तर कमर्शियल प्लाय नको, मरीन प्लाय, IS 710 शिक्का बघून, आणि एमडीएफ तर नकोच, एकदा पाणी प्यायलं की बिस्किटासारखं फुगतं.

आमच्या नाहाणीचं काम ऑगस्टच्या शेवटी झालं. मी लगेच सुताराला बोलावणार होते, दिवाळीच्या आत कपाट पूर्ववत, असा माझा बेत. दीर म्हणाला, थांब वहिनी. विटेची भिंत ढोबळ मानाने महिन्याला एक इंच वाळते. मधली भिंत साडेचार इंची, आणि बाथरूमच्या बाजूला टाइल्स असल्याने ती फक्त आपल्याच बाजूने वाळणार. मी बोटं मोजली, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, म्हणजे संक्रांत. दिवाळीला पाहुणे आले तेव्हा कपाटाचा खालचा कप्पा रिकामा, मागे उघडी भिंत, आणि तिच्यावर चिकटपट्टीने लावलेला फॉइलचा चौकोन. आत्येसासूबाईंना वाटलं काहीतरी वास्तुदोषाचा उपाय आहे. त्यांनी सासूबाईंना हळूच विचारलंही, हे कोणी सांगितलं गं? सासूबाई म्हणाल्या, सिव्हिल इंजिनियरने.

फॉइल नोव्हेंबरात काढलं तेव्हा मागे थोडा दमटपणा होता. डिसेंबरच्या शेवटी काढलं तेव्हा हाताला काहीच लागलं नाही, तरी मी अजून एक तुकडा लावला आणि अजून दोन आठवडे थांबले. सुतार तिळगूळ घ्यायला आला तेव्हा माप घेऊन गेला.